नवव्या पायरीचे अंगठे

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्टीतले बारके शब्द तिथवर पोचत नाहीत, आणि आजची गोष्ट सगळी बारक्याच शब्दांची आहे. मोठी आहेत ती फक्त वर्षं. पस्तीस कोटी. तेवढा आकडा एकदाचा ऐकून घ्या, म्हणजे पुढे धाप लागणार नाही.

तर त्या काळी मासे काठाशी येऊन जमिनीकडे बघू लागले होते. काहींच्या परांत हाडं धरली, हाडांना सांधे आले, आणि एक दिवस, म्हणजे आपला लाखभर वर्षांचा एक दिवस, कुणीतरी पहिलं पाऊल टाकलं. ते कुणी टाकलं, कुठे टाकलं, आणि पुढे त्याची लेकरंबाळं कुठल्या वाटेनं जगभर पांगली, हे शोधत बसलेली माणसं असतात. ज्यानं हे सगळं घडवलं त्याला कसलीही घाई नव्हती. घाई असते ती शोधणाऱ्यांना, कारण त्यांना साठीला निवृत्त व्हायचं असतं.

अशाच एका संग्रहालयाच्या तळघरात एक बाई काम करायची. दगडात अडकलेलं हाड सुईनं मोकळं करायचं, हे तिचं काम. सुई म्हणजे शिवायची नव्हे. लाकडी मुठीत बसवलेली पोलादी, टोकाला केसासारखी. दिवसभर भिंगाखाली वाकून ती कणाकणानं खडक काढायची. हाड आणि खडक दोन्ही एकाच तपकिरी रंगाचे. कुठे एक संपतो आणि दुसरं सुरू होतं, हे डोळ्याला नाही, सुईच्या आवाजाला कळतं. खडकावर सुई किरकिरते, हाडावर घसरते. अख्खं संग्रहालय तिला सुईताई म्हणायचं. वर्षभर राबून तिनं एक कवटी मोकळी केली, की लोक काचेपाशी येऊन म्हणायचे, "बापरे, कसली जुनी!" आणि पुढच्या दालनात जायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. देवळाच्या पायरीवर नाव कोरायचं नसतं, असं तिचे वडील म्हणायचे.

हे वडील आपल्या गोष्टीचा कणा. ते शास्त्रज्ञ नव्हते, खोदकाम करणारे होते. गावाबाहेरच्या उतारावर मोठ्या सरांनी, म्हणजे संग्रहालयाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, जीवाश्मांचं खोदकाम काढलं, तेव्हा त्या घसरड्या उतारावर वरपासून खालपर्यंत तेरा पायऱ्या यांनी कोरल्या. म्हणून सगळे त्यांना पायरीदादा म्हणत. पहिल्या सात पायऱ्या करड्या खडकात होत्या, आठवीपासून खाली तांबडा खडक. खडकाचं कसं असतं, जो खाली तो आधीचा. करडा धाकटा, तांबडा थोरला. दोघांत काही लाख वर्षांचं अंतर.

हाड सापडलं की ते तिथे उघडं करत नाहीत. भोवतालच्या दगडासकट अख्खा गड्डा सोडवायचा, प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या त्यावर गुंडाळायच्या, मोडलेल्या हाताला घालतात तशा, आणि वाळल्यावर उलटा करून खाली न्यायचा. मग त्याला कागद बांधायचा: कुठली पायरी, कुठला दिवस. हे सगळं पायरीदादा करायचे, आणि त्यांच्या कामात उणं काढायची कुणाची छाती नव्हती.

पण एकदा उणं निघालं. सव्वीस वर्षांपूर्वी, एका गड्ड्यात हातभर लांबीचा चार पायांचा प्राणी निघाला. कागदावर लिहिलं होतं, पायरी नववी. मोठ्या सरांनी कागद बघितला, प्राणी बघितला आणि मान हलवली. इतकी नीट घडलेली पावलं तांबड्या खडकात असणं शक्य नाही, हा करड्यातलाच. त्या दिवशी दोन गड्डे खाली आले होते, एक सहाव्या पायरीचा, एक नवव्या. खोदणाऱ्यानं कागदांची अदलाबदल केली, असं सरांनी नोंदवहीत लिहिलं. प्राण्याच्या खणावर चिठ्ठी लागली, "थर अनिश्चित", आणि ज्या प्राण्याचा थर अनिश्चित त्याला या विद्येत कुणी विचारत नाही. पुढच्या हंगामाला पायरीदादांना बोलावणं आलं नाही. त्यांनीही जाऊन विचारलं नाही. घरी एवढंच म्हणाले, "ज्याला जाणून घ्यायचंय तो मला विचारील." कुणी विचारलं नाही. अकरा वर्षांनी ते गेले.

सुईताईनं त्यांच्यानंतर त्याच तळघरात नोकरी धरली, आणि पंधरा वर्षं त्या खणाला हात लावला नाही. रोज त्याच्यावरून नजर मात्र जायची. जखमेवरच्या खपलीवरून जाते तशी.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई खाली आल्या. या मोठ्या सरांच्या जागी आलेल्या. डॉक्टर म्हणजे पस्तीस कोटी वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या. स्वतःच म्हणायच्या की माझ्या एकाही रोग्यानं आजवर तक्रार केलेली नाही. त्यांच्या हातात समुद्रापलीकडच्या एका संशोधकाचं पत्र होतं. त्यांच्याकडेही चार पायांचा एक प्राणी निघाला होता, आपल्या खणातल्याच्या कुळातला. त्यांचा खडक आपल्या करड्यापेक्षा जुना, पण तांबड्यापेक्षा अलीकडचा.

"म्हणजे बघा," डॉक्टरबाई टेबलावर बोटानं रेघ ओढत म्हणाल्या, "आपला जर तांबड्यातला असेल, तर तो त्यांच्या आधीचा. इथून तिकडे गेला. तेव्हा मध्ये समुद्र नव्हता, चालतच गेला असेल. आणि करड्यातला असेल तर तिकडून इकडे आला. एवढा एकच प्रश्न आहे, आणि आपल्या खणावर काय लिहिलंय? अनिश्चित."

फोटो हवेत, म्हणाल्या. लेखात त्या प्राण्याचा उल्लेख तळटीपेत येणार होता. तळटीप त्यांनी लिहूनच आणली होती: खोदकाम करणाऱ्याच्या चुकीमुळे या नमुन्याचा थर सांगता येत नाही. पायरीदादा सुईताईचे वडील, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुईताईनंही सांगितलं नाही. तिनं तळटीप दोनदा वाचली आणि फोटोला दोन दिवस मागून घेतले.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं आईला सांगितलं. आई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली की त्या शहाण्यांनी सव्वीस वर्षांत एकदा तरी अंगठे मोजायचे होते.

सुईताईला कळेना, कसले अंगठे.

मग आईनं सांगितलं. पायरीदादांचा कागदावर विश्वास नव्हता. कागद भिजतो, कागद उंदीर खातो, कागद वाऱ्यावर उडतो. म्हणून गड्ड्याला वरून प्लास्टर केलं की ते ओलं असतानाच त्यावर अंगठा दाबायचे, जितकी पायरी तितक्यांदा. सातवी असेल तर सात. कागद बांधायचे तो सरांसाठी, अंगठा स्वतःसाठी. "लग्नाच्या नोंदीलासुद्धा सही केली आणि वर अंगठा दिला. तो कारकून माझ्याकडे बघून हसला. मला इतकी लाज वाटली की आठ दिवस बोलले नाही."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"तू आज विचारलंस," आई म्हणाली. बापाचं पाणी नुसतं लेकीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुईताईनं खण ओढला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. प्राणी पाठीवर पडलेला, पाय वर. गड्डा उलटा करून उघडतात, त्यामुळे उतारावर जी बाजू आभाळाकडे होती ती आता तळाला. म्हणजे अंगठे असलेच तर हाडाच्या खाली, प्लास्टरच्या बुडाला. आणि ते बूड जुन्या कुणी कारागिरानं लाकडी तबकात नव्या प्लास्टरनं पक्कं बसवून टाकलेलं. सव्वीस वर्षं तो प्राणी उत्तरावर पाठ टेकून निजला होता.

तिनं वर जाऊन परवानगी मागितली. आता मात्र सगळं सांगितलं. बाप कोण तेही. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. तळटीपेबद्दल त्या ओशाळल्या, पण परवानगीला कचरल्या. हाडं बिस्किटासारखी ठिसूळ, उलटं करताना कवटी गेली तर उरलेलंही गेलं. सुईताई म्हणाली, जाणार नाही. त्या म्हणाल्या, आणि अंगठे निघाले पण सहा निघाले, तर?

"तर सहा लिहू," ती म्हणाली. म्हणताना तिच्या मनात नऊच होते. तेही ओळीनं मांडलेले, तीन तीन तीन.

चार दिवस काम चाललं. आधी हाडांवर ओला पातळ कागद, थरावर थर, फटीफटीत बसवलेला. त्यावर चांदीच्या रंगाचा वर्ख, मग वरून नवं प्लास्टर. आता प्राणी दोन प्लास्टरांच्या मध्ये, डबीतल्या अंगठीसारखा. पट्टे आवळून, कोठीवाल्या काकांना हाताशी घेऊन, दोघांनी तो एका दमात उलटा केला. काका म्हणजे संग्रहालयाच्या कोठारावरचे, पायरीदादांच्या वेळेपासूनचे. उलटं करताना त्यांनी श्वास धरला होता, तो सोडताना म्हणाले की माझ्या नातवाला पहिल्यांदा उचललं तेव्हाही इतका घाम फुटला नव्हता.

तबकाच्या फळ्या निघाल्या. नवं प्लास्टर तिनं छिन्नीनं टिचक्या मारत काढलं, आणि खाली, तिला ज्याची आशा होती तोच, वर्तमानपत्राचा थर लागला. जाणता कारागीर जुन्या आणि नव्या प्लास्टरमध्ये कागद घालतोच, उद्या कुणाला सोडवायचं असेल म्हणून. ज्याला तिनं कधी पाहिलंही नव्हतं त्या माणसाला तिनं मनातल्या मनात हात जोडले. कागद ओला करून सोलला. गोणपाटाची वीण दिसली. दिवा आडवा धरला, म्हणजे खोलगट जागी सावली पडते.

एक. वाटोळा, कडेला नखाची कोर. बाजूला दुसरा, तिसरा. खाली अजून तीन.

तिनं सावकाश सगळं बूड पुसलं. दिवा चारही बाजूंनी फिरवला. पुन्हा मोजले. काका म्हणाले, अगं, मोठे स्पष्ट आले आहेत, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. सहा होते. सहाच.

म्हणजे प्राणी करड्यातला. म्हणजे मोठे सर बरोबर. कागद बापानंच चुकवला होता.

ती स्टुलावर बसून राहिली. खिडकीतून रस्त्यावरून जाणारे पाय तेवढे दिसत होते. तळघराला जग असंच दिसतं, गुडघ्यापर्यंत. या अंगठ्यांचा अर्थ संग्रहालयात डॉक्टरबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हता, आणि अजून त्या खाली आल्या नव्हत्या. ओलं प्लास्टर, आपला अंगठा, तीन खळगे अजून पाडायला कितीसा वेळ. हा विचार आला आणि गेला. आलाच नाही असं मी सांगणार नाही. पण तो जाताना तिला बापाच्या अंगठ्याच्या कडेची नखाची कोर दिसली, आणि ती उठली. वर जायच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं. एकेक मोजत गेली.

डॉक्टरबाई लिहीत होत्या. सुईताई म्हणाली, "सहा आहेत. कागद माझ्या वडिलांनीच चुकीचा बांधला. लिहून टाका."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सांत्वनाचं काहीतरी बोलतील असं सुईताईला वाटलं आणि ते तिला नको होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत सांत्वन नव्हतं, भलतीच चमक होती.

"अदलाबदल म्हणजे दोन असतात ना?" त्या म्हणाल्या. "सहाचा हा. मग नऊचा कुठंय?"

सव्वीस वर्षं सगळ्यांनी एकाच गड्ड्यावर वाद घातला होता. दुसऱ्यावर सहावी पायरी लिहिलेली. करड्यातले गड्डे तर पोत्यानं होते, ते सवडीनं उघडू म्हणून कोठारात गेले आणि तिथेच राहिले.

दोघी कोठारात गेल्या. काकांनी यादी काढली, चष्मा कपाळावर असताना टेबलावर शोधला, मग सापडल्यावर यादीवरून बोट फिरवत शेवटी थांबले. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी हळूच आपल्या खुर्चीसमोरून पाय काढून घेतले. गड्डा तिथेच होता. उंची बरोबर, म्हणून त्यांनी कैक वर्षांपूर्वी तो पाय ठेवायला घेतला होता. कडेला दोरीनं लोंबणारा पिवळा पडलेला कागद, पायरी सहावी, आणि वरच्या बाजूला, उघड्या डोळ्यांना दिसतील असे, धुळीनं भरलेले वाटोळे खळगे.

"मला वाटायचं नक्षी आहे," काका म्हणाले. "तळव्यांना बरं वाटायचं."

सुईताईनं ओल्या फडक्यानं धूळ पुसली. तीन, तीन आणि तीन. तिनं मनात मांडलेले होते अगदी तसे. फक्त भलत्या गड्ड्यावर.

मग कसं झालं असेल हे त्यांना तिथेच उभ्या उभ्या उमगलं. उतारावर दोन गड्डे शेजारी शेजारी, कागद त्याच क्रमानं दगडाखाली दाबलेले. गड्डे उलटे करून खाली आणून मांडले, अंगठे बुडाला गेले, आणि माणूस त्यांच्या पलीकडच्या बाजूनं आला. जे डावं होतं ते उजवं झालं. कागद मात्र पहिल्याच क्रमानं बांधले. बास, एवढंच. आरशासमोर भांग पाडताना हात फसतो तसं. आणि जन्मभर ज्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही, त्यांनी स्वतःचे अंगठे एकदा मोजून बघितले असते तर त्यांनाच चूक सापडली असती. पण त्यांना खात्री होती. सरांनाही खात्री होती. खात्री असली की कुणी मोजत नाही.

दुसरा गड्डा उघडायला सात आठवडे लागले. डॉक्टरबाई रोज खाली यायच्या, काही ना काही निमित्त काढून. एकदा टाचणी मागायला आल्या. पहिले पाच आठवडे नुसता तांबडा दगड. काका म्हणू लागले की पाय ठेवायला मिळेल ना परत? सहाव्या आठवड्यात सुई घसरली. एकच हाड होतं, बोटाएवढं. खांद्यापासून कोपरापर्यंतचं. पण त्याला मध्ये एक पीळ होता, ओलं फडकं पिळल्यासारखा, आणि तो पीळ खणातल्या प्राण्याच्या हाडालाही होता, जरा जास्त.

डॉक्टरबाई कितीतरी वेळ भिंगावर वाकून होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तोच नाही हा. पण घरचाच आहे. त्याची पणजी म्हणा."

"मग इथूनच तिकडे गेले?"

"एका हाडावर मी एवढंच म्हणेन की पणजी आमच्याकडे होती. बाकीचं नवव्या पायरीवर परत खणल्याशिवाय नाही." मग सरळ होत त्यांनी विचारलं, "पायऱ्या अजून असतील का हो तिथे?"

सुईताईनं सांगितलं की वडिलांनी कोरलेल्या आहेत, असतील.

तळटीप नवी लिहावी लागली. डॉक्टरबाईंनी लिहिलं की दोन्ही नमुन्यांचा थर खोदणाऱ्यानं प्लास्टरवर उमटवलेल्या अंगठ्यांवरून ठरवला. कागदांचा उल्लेख त्यांनी गाळला होता, सुईताईच्या भिडेखातर. सुईताईनं तो परत घालायला लावला: कागद खोदणाऱ्याकडून बदलले गेले होते. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी छापून आली.

तिनं अंक घरी नेऊन आईला वाचून दाखवला. अर्थ समजावून सांगितला, चुकीसकट. आईनं शेजारची उशी मांडीवर ओढून घेतली. सुईताईला वाटलं, नको होतं सांगायला. मग आई म्हणाली, "म्हणजे ते सरही बरोबर होते आणि हेही बरोबर होते. आणि दोघं एकमेकांशी न बोलता गेले." उशीवरची घडी सारखी करून ती जरा हसली. "बरं झालं बाई. इतकी वर्षं माझ्यापाशी एक कधीच न चुकणारा माणूस होता, त्याची आठवण काढायलासुद्धा धाक वाटायचा. आता जरा माणसासारखे वाटतात."

ते छोटं हाड आता काचेमागे आहे. त्याला बसायला सुईताईनं प्लास्टरची नवी गादी केली, आणि ती ओली असताना तिच्या बुडाला नऊ वेळा अंगठा दाबला. कागदही लावला आहे, पण तो कागद.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागणं. कधी कुठल्या दालनात काचेमागचं एखादं जुनं हाड बघाल, त्याच्या कोट्यवधी वर्षांचं नवल कराल, ते जरूर करा. ज्यानं घडवलं त्याचं नाव घ्या. पण पुढच्या दालनात जाण्याआधी क्षणभर थांबा, आणि उतारावर वाकून ओल्या प्लास्टरला अंगठा देणाऱ्या त्या माणसाची आठवण काढा. त्याच्या चुकीसकट काढा. त्याला आता तशीच आवडेल.